म्हातारी सुट्टीवर निघालीय

तिकीटखिडकीतून माणसाचं तोंड दिसत नाही, हात दिसतो. आमच्या प्राणिसंग्रहालयाची खिडकी कुणी बांधली देव जाणे, पण ती इतकी खाली आहे की माझ्याशी बोलायचं तर समोरच्याला वाकावं लागतं, आणि वाकायला लोकांना कमीपणा वाटतो. त्यामुळे इतकी वर्षं मी हातांशीच बोलत आले. परत जाताना मात्र लोक आपणहून वाकतात, कारण परत जाताना तक्रार असते. सिंह कुठे आहे? मगर हलत नाही, खरी आहे का? हरणांना एवढा वास का येतो? एका बाईने तर भर दुपारी मला विचारलं होतं की घुबड नक्की कधी जागं होणार ते सांगा, म्हणजे आम्ही तोवर चहा पिऊन येतो.

सिंह नव्हताच. तो मरून कितीतरी दिवस झाले होते. आजारी असताना त्याच्या पिंजऱ्यावर 'प्राणी विश्रांती घेत आहे' अशी पाटी लावली होती, ती पुढेही कुणी काढली नाही. लोक ती वाचायचे, पोरांना खांद्यावर घ्यायचे आणि रिकाम्या पिंजऱ्यात डोळे ताणून बघत बसायचे. मी साहेबांना दोनदा सांगितलं, तर म्हणाले, पाटीत खोटं काय आहे? आमचे साहेब म्हणजे उंटावरचे शहाणे. आमच्याकडे उंट नव्हता, एवढंच.

पण मला सांगायचंय ते कुलपाबद्दल. कुलूप म्हणजे आमचं अस्वल सांभाळणारा माणूस. पिंजऱ्याला कुलूप लावलं की तो ते ओढून बघायचा, चार पावलं जायचा आणि परत येऊन पुन्हा ओढून बघायचा. शिवाय तोंडालाही कुलूपच. दिवसाकाठी दहा वाक्यं बोलला तर आम्हाला वाटायचं, आज स्वारी खुशीत आहे. पाठीमागे आम्ही सगळे त्याला एकेरी म्हणायचो, तोंडावर कुलूपभाऊ. नवी माणसं कुलूपकाका म्हणायची. तो मला तिकीटबाई म्हणायचा. जेवणाच्या सुट्टीत माझ्या खोलीच्या मागच्या दाराशी डबा घेऊन बसायचा, कारण तिथे सावली होती. मी बोलायचे, तो खायचा. त्या सावलीत मला त्याच्याबद्दल जे कळलं ते असं तुकड्यातुकड्यांनी कळलं.

अस्वल आलं त्या दिवशी मी कामावर होते. एक सर्कस बुडाली आणि तिचे प्राणी चार गावांत वाटले गेले, त्यातली ही मादी आमच्या वाट्याला आली. मालमोटारीवर लोखंडी पेटी होती आणि पेटीत ही बसली होती. तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेले, नाकात कडी घालून घालून पडलेलं भोक, आणि तोंडात एक दात नाही. सगळे उपटलेले. डॉक्टर म्हणाले, वय काही फार नाही हिचं. पण पेटीच्या फटीतून तिचं तोंड दिसलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, अरे ही तर म्हातारी आहे. झालं. त्या घटकेपासून ती म्हातारीच झाली. कागदावर तिला काय नाव होतं ते मला आजही माहीत नाही.

म्हातारी पेटीतून बाहेर यायला तयार होईना. पाणी दाखवलं, फळं दाखवली, बांबूने ढोसून झालं. शेवटी सगळ्यांना बाजूला सारून कुलूप पेटीच्या दाराशी जमिनीवर बसला आणि नुसताच बसून राहिला. त्याच वेळी त्याच्या घरून निरोप आला, वडिलांचा दम वाढलाय, लगेच या. तो उठला की पेटीतली पुन्हा मागे सरकायची, तो बसला की पुढे यायची. साहेब म्हणाले, अजून थोडा वेळ थांब, मोटार परत पाठवायची आहे. तो थांबला. दुपार कलल्यावर म्हातारी बाहेर आली, आणि कुलूप सायकल हाणत घरी पोचला तेव्हा बाप गेलेला होता.

आईने त्या वेळी आरडाओरडा केला नाही, असं त्याने मला सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं, असंही म्हणाला. सगळं उरकल्यावर, पाहुणे गेल्यावर ती त्याला एवढंच म्हणाली, "बापाच्या वेळी तू गाडी उतरवत होतास. माझ्या वेळी घरी ये. दुसरं काही मागत नाही मी तुझ्याकडे."

तो हो म्हणाला. आणि पुढची सगळी वर्षं हे 'हो' त्याच्या मानेवर बसून होतं. आईला साधी शिंक आली तरी हा कामावर येताना तिचा चेहरा बघून घ्यायचा. लांबच्या नात्यातलं लग्न असो, बदलीवर दुसरीकडे जायचं असो, हा नाही म्हणायचा. एकदा बढती मिळत होती, मोठ्या शहरातल्या मोठ्या प्राणिसंग्रहालयात. तीही सोडली. मी त्याला वेड्यात काढलं तेव्हा म्हणाला, "आईला शब्द दिलाय."

म्हातारीला दात नव्हते म्हणून तिचं सगळं मऊ शिजवावं लागायचं. पातळ लापशी, कुस्करलेलं केळं, पाण्यात भिजवून पिळलेला पाव. पुढे घरी आईचेही दात गेले आणि तिचंही खाणं तेच झालं. तेव्हा कुलूप सकाळी घरी एक पातेलं ढवळून यायचा आणि इथे येऊन दुसरं ढवळायचा. चव बघायची त्याची सवय दोन्हीकडे सारखी होती. आम्ही चेष्टा करायचो, की चमचे तरी वेगळे ठेवा. त्याच्या बोलण्यातसुद्धा दोघी एकाच नावाने यायच्या. आज म्हातारीने अर्धंच खाल्लं, असं म्हणाला की आम्ही विचारायचो, घरची की पिंजऱ्यातली? कधी घरची असायची, कधी पिंजऱ्यातली. हा विनोद आम्ही इतक्या वेळा केला की त्यातलं हसू संपून गेलं होतं आणि नुसता प्रश्न उरला होता.

घरच्या म्हातारीला पिंजऱ्यातली मुळीच सोसायची नाही. ज्या दिवशी नवरा गेला त्या दिवशी आलेली ही, दुसरं काय होणार? "कानामागून आली आणि तिखट झाली," असं ती म्हणायची. मुलाच्या कपड्यांना अस्वलाचा वास येतो म्हणून त्याला दाराबाहेर अंगातलं काढायला लावायची. सुनेकडून मला हे कळायचं. कुलपाची बायको कधीमधी डबा द्यायला यायची, मग खिडकीच्या आत माझ्या स्टुलावर बसून सासूचं सगळं गाऱ्हाणं सांगायची. मी तिला वहिनी म्हणायचे. बिछान्याला खिळलेल्या माणसाचं करता करता कंबर मोडली होती तिची. सासूला समोर आई म्हणायची आणि मागे म्हातारी. त्यात तिरस्कार नव्हता, थकवा होता.

आणि पिंजऱ्यातली तरी काय सुखात होती? ती दिवसभर एकाच जागी उभी राहून डावीकडे उजवीकडे झुलायची. सर्कशीत साखळीला बांधलेल्या जनावरांना हे लागतं, मग सुटत नाही. लोकांना वाटायचं ती नाचतेय. ते टाळ्या वाजवायचे, आणि टाळ्या ऐकल्या की ती मागच्या दोन पायांवर उभी राहायची. कमरेचं हाड झिजलेलं, उभं राहताना घशातून बारीक आवाज निघायचा तिच्या. लोक म्हणायचे, बघ बघ, गाणं म्हणतेय. कुलपाने पाटी लावून घेतली, 'टाळ्या वाजवू नयेत'. तोवर ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही पाटी वाचून कळलं की टाळ्या वाजवल्यावर काहीतरी होतं. माणसाच्या जातीचा मला एवढा राग कधी आला नसेल जेवढा त्या पाटीनंतर आला. मी खिडकीतून प्रत्येक हाताला सांगायचे, अस्वलासमोर टाळ्या वाजवू नका. हात म्हणायचा, का, काय करतं ते?

आमच्याकडे प्राणी येण्यापेक्षा जाण्याचं प्रमाण जास्त होतं. शहामृगाने कुणीतरी टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी गिळली आणि मान वाकडी करून मेलं. मगरीला दगड मारून मारून लोकांनी एक डोळा फोडला, त्यात पू झाला. हरणांची पिल्लं भटक्या कुत्र्यांनी नेली. एका माकडिणीचं पोर मेलं तर ती ते कितीतरी दिवस छातीशी धरून फिरत होती, आणि लोक तिचे फोटो काढत होते. त्या माकडाच्या पोराबद्दल आमच्या एका माणसाने वॉकीटॉकीवर मोठ्याने सांगितलं, माकडाचं पिल्लू मेलंय, घेऊन जा. शेजारीच शाळेची सहल उभी होती. सगळी सहल रडायला लागली, मास्तरांनी तक्रार केली आणि साहेबांनी हुकूम काढला की यापुढे वॉकीटॉकीवर मेला, मेली, मरायला टेकली असलं काही बोलायचं नाही. मग काय बोलायचं? सुट्टीवर गेला, असं बोलायचं. आणि आमची जी सुट्टी, तिला रजा म्हणायचं, म्हणजे घोटाळा नको.

सुरुवातीला आम्ही हसलो, नंतर ते अंगवळणी पडलं. मोर सुट्टीवर गेला. कोल्ह्याची सुट्टी जवळ आलीय, डॉक्टरांना पाठवा. मला तर घरीसुद्धा टीव्हीवर शाळांना सुट्टी लागली असं ऐकलं की चर्र व्हायचं.

त्या वर्षी थंडीत एकाच आठवड्यात दोन्ही म्हाताऱ्यांनी खाणं सोडलं. कुलपाने आधी रजा टाकली आणि घरी बसला. घरच्या म्हातारीला घोट घोट पाणी पाजत होता. मग तिला जरा हुशारी आली. लापशी दोन चमचे गेली, सुनेवर खेकसून झालं, डॉक्टर म्हणाले अजून काही दिवस निघतील. इकडे पिंजऱ्यातली म्हातारी मात्र बदली माणसाच्या हातचं तोंडात घेत नव्हती. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. झुलणंसुद्धा थांबलं होतं तिचं. म्हणून एका सकाळी कुलूप अर्ध्या दिवसापुरता आला. बायकोला सांगून आला होता, की जरा काही वाटलं तर ऑफिसात फोन कर, मी सायकलवर लगेच पोचतो. आम्हाला स्वतःचे फोन आत न्यायची परवानगी नव्हती. ते कपाटात ठेवूनच पिंजऱ्यांकडे जायचं, असा नियम होता.

जेवणाची वेळ टळून गेली तरी तो सावलीत आला नाही. मी डबा उघडला आणि तेवढ्यात माझ्यापुढचा वॉकीटॉकी खरखरला. ऑफिसातला कारकून बोलत होता. हा कारकून आमच्याकडे नवा होता, लेकुरवाळा, भिडस्त, कुणाला मोठ्याने हाक मारायलाही लाजणारा. तो म्हणाला, "कुलूपकाका, म्हातारी सुट्टीवर निघालीय. तुम्ही लगेच निघा."

हे मी ऐकलं, माळ्याने ऐकलं, हरणांकडच्या माणसाने ऐकलं, फाटकावरच्या पहारेकऱ्याने ऐकलं. सगळ्यांना एकच म्हातारी आठवली. आमच्याकडे सुट्टीवर माणसं जात नव्हती, जनावरं जायची. मी डबा बंद केला. पलीकडून कुलपाचा आवाज आला, "बरं." एवढाच.

खरं काय झालं होतं ते नंतर कळलं. वहिनीने फोन केला होता. म्हातारीचं काही खरं नाही, त्यांना घरी पाठवा, असं म्हणाली. कारकुनाने विचार केला, की ही बातमी अशी भसकन चार लोकांत कशी सांगायची? कुठे वॉकीटॉकीसमोर पाहुणे उभे असतील. साहेबांचा हुकूमही आहे. बिचाऱ्याने आपल्या परीने हळुवार शब्द निवडला. इथे राहून जो शब्द शिकला होता, तोच वापरला. मग वहिनीला फोनवर सांगितलं, निरोप दिलाय, निघतीलच ते. वहिनीने सासूच्या कानाशी वाकून सांगितलं, येतायत हं, निघालेत.

कुलूप आतल्या खोलीच्या गजांशी बसला होता. हात गजांतून आत घालून तिच्या कपाळावर ठेवलेला. संध्याकाळी फाटक बंद व्हायच्या सुमाराला मी खिडकी लावली आणि तिकडे गेले, कारण मलाही तिला एकदा बघायचं होतं. मी दाराशी पोचते तर कुलूप पातेलं घेऊन बाहेर येत होता. पातेलं रिकामं होतं. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, लहान पोरासारखा झाला होता.

"तिकीटबाई, म्हातारी जेवली," तो म्हणाला.

आणि तेवढ्यात कारकून पळत येताना दिसला. पळायची सवय नसलेला माणूस पळतो तसा, चपला हातात घेऊन. वहिनीचा दुसरा फोन आला होता. आमच्यापाशी येऊन त्याने चपला खाली टाकल्या. म्हणाला, "काका, मी घरच्या आईंबद्दल सांगितलं होतं."

कुलपाने पातेलं खाली ठेवलं. खोलीचं कुलूप लावलं, ओढून बघितलं. चार पावलं गेला, परत आला, पुन्हा ओढून बघितलं. मग सायकलकडे गेला. आमच्यापैकी कुणीतरी त्याच्याबरोबर जावं असं कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीतला आईचा पलंग उभा करून भिंतीला लावला होता आणि त्याच्या पायांचे चार ठसे फरशीवर दिसत होते. वहिनी मला आत घेऊन गेली आणि तिने सांगितलं. म्हातारी बराच वेळ दाराकडे बघत होती. बाहेर सायकल वाजली की विचारायची, आला का? शेजारीण होती, नणंद होती, नणंदेची मुलगी होती, पण ती कुणाशी बोलायची नाही. दाराकडेच बघायची. मग तिने बघायचं सोडलं आणि डोळे मिटून अगदी शांतपणे म्हणाली, "तो तिच्यापाशी असेल. तिला बरं नाही म्हणत होता." त्यानंतर ती बोलली नाही.

मी वहिनीला सांगितलं, की निरोपाचा घोटाळा झाला, आम्ही सगळ्यांनीच उलटं ऐकलं. माझ्या आधी नणंदेला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना हेच कळलं होतं, आणि सगळ्यांनी कारकुनाच्या नावाने बोटं मोडली. वहिनी मात्र उठून चुलीवरचं उतरवायला गेली.

कारकुनाचं मग काही खरं राहिलं नाही. कुणी त्याला तोंडावर टाकून बोललं नाही, पण तो आला की बोलणं थांबायचं. माळी एकदा म्हणाला, साध्या माणसाला साधं मराठी येऊ नये? तो जाता येता कुलपाची माफी मागायचा. डोळ्यांत पाणी आणून मागायचा. कुलूप नुसती मान हलवायचा आणि पुढे जायचा. मला तेव्हा वाटलं, बरोबर आहे, एवढं झाल्यावर कोण बोलेल? पण कारकुनाला रात्र रात्र झोप लागेना. वॉकीटॉकी खरखरला की तो दुसऱ्याच्या हातात द्यायचा. शेवटी त्याने नोकरी सोडली आणि मेव्हण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायला लागला.

म्हातारी मात्र जगली. खाऊ लागली, उठली, पुन्हा झुलायलाही लागली. लोक पुन्हा टाळ्या वाजवायला लागले. कुलूप तिचं सगळं करायचा, पण तिला हाक मारणं त्याने सोडून दिलं होतं. ए, असं म्हणायचा. आम्हीही तो शब्द टाळायला लागलो. डबा मात्र तो माझ्या दाराशीच खायचा, एकाच पातेल्याचं काम उरल्यामुळे लवकर यायचा.

ती गेली ती दुसऱ्या वर्षी, शाळा बंद असलेल्या दिवसांत, जेव्हा आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. कुलूप त्या दिवशी रजेवर होता. वहिनीच्या डोळ्याला पडदा आला होता, तिला डॉक्टरकडे नेलं होतं. पिंजऱ्यापुढे ही गर्दी. टाळ्या इतक्या जोरात की मला खिडकीत ऐकू येत होत्या. म्हातारी उभी राहिली आणि सरळ पाठीवर पडली. त्यावर आणखी टाळ्या झाल्या, खूप वेळ झाल्या. लोकांना वाटलं हाही खेळच. कुणीतरी तिला उठवायला शेंगदाणे फेकले. बदलीवरच्या माणसाने वॉकीटॉकीवर सांगितलं तेव्हासुद्धा त्याच्या मागून टाळ्या येत होत्या.

दुसऱ्या दिवशी मागच्या आवारात खड्डा खणला. कुलपाने स्वतः माती ओढली. आई गेली तेव्हा तो नव्हता आणि ही गेली तेव्हाही नव्हता. तेलही गेलं, तूपही गेलं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण मी जीभ आवरली. माझी जीभ आवरण्याचे प्रसंग तसे कमीच.

जेवणाच्या वेळेला तो येऊन बसला. डबा उघडला नाही. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, की त्या वेळी तुम्ही तिच्याजवळ बसलात म्हणून ती तेवढं तरी जगली. आणि घरचं मनाला लावून घेऊ नका, त्या कारकुनानेच घोळ घातला.

"त्याने निघा म्हटलं होतं," कुलूप म्हणाला.

मला समजलं नाही.

"अस्वलाकडे जा म्हणतात, तिकडे या म्हणतात. निघा कोण म्हणतं, तिकीटबाई? मी तर अस्वलापाशीच बसलेलो होतो. तिथून कुठे निघणार?" तो बोटांवरची माती खरवडायला लागला. "माझ्या डोक्यात आलं होतं. कुठली म्हातारी, असं विचारावं. बटणावर बोट ठेवलं होतं मी. नाही विचारलं."

"का?"

"विचारलं असतं, तर जावं लागलं असतं."

मला त्याचा राग आला. खोटं कशाला सांगू, सणकून राग आला. त्या दाराकडे बघत बसलेल्या बाईसाठी आला, आणि झेरॉक्सच्या दुकानात बसलेल्या त्या भिडस्त माणसासाठी त्याहून जास्त आला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आम्ही, आणि चोर रोज माझ्या दाराशी बसून डबा खात होता. मी त्याला तसं बोलून दाखवलं. तो म्हणाला, घरी तिच्याजवळ माणसं होती, हिच्याजवळ कुणी नव्हतं. मी म्हणाले, पण ती त्या माणसांना विचारत नव्हती, तुम्हाला विचारत होती. त्याला हे ठाऊक होतं, मला त्याच्या तोंडावर दिसलं. मग मी म्हणाले, आईची माफी आता मागता येणार नाही, पण त्या कारकुनाला जाऊन खरं सांगा. आजच सांगा. नाहीतर उद्यापासून इथे सावलीला बसू नका.

तो गेला. त्याच दिवशी अर्धी रजा टाकून गेला, हे मला पहारेकऱ्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन आला तेव्हा मी काही विचारलं नाही. त्याने आपणहूनच सांगितलं. दुकानात गर्दी होती. कारकुनाने त्याला बघून मशीन बंद केलं, बसायला स्टूल दिलं. याने सगळं सांगितलं. निघा म्हटलेलं, बटणावर ठेवलेलं बोट, न विचारलेलं, सगळं. तुझी काही चूक नव्हती, असं तीनतीनदा सांगितलं.

"मग? सुटला ना बिचारा?" मी म्हणाले.

कुलपाने डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं.

"त्याला खरं वाटलं नाही," तो म्हणाला. "त्याला वाटलं, त्याच्या मनाला बरं वाटावं म्हणून मी आईच्या मरणाचं पाप माझ्या अंगावर घेतोय. माझे दोन्ही हात धरले त्याने. दुकानातल्या लोकांना सांगायला लागला, बघा, माझ्या हातून यांची आई अशी गेली आणि हा माणूस मला असं म्हणतोय. देवमाणूस म्हणाला मला. सगळ्यांसमोर."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"पुन्हा सांगितलं. तर आणखीच रडायला लागला."

"आणि मग?"

"मग काय," तो म्हणाला. "तसाच निघालो."